फळ्यावर लिहून ठेवा

उज्वला मोठ्या मनाची आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्या माणसाची आणि तिची भेटच झालेली नाही, असं खुशाल समजा. ती आमच्या आरोग्य केंद्राची आशाताई. मुळशीच्या पाण्याच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्या धनगरांची वस्ती आहे, तिथली. माहेर आणि सासर दोन्ही त्याच वस्तीवर, हाकेच्या अंतरावर. मी शुभांगी, त्याच केंद्रातली नर्स. बावधनहून रोज बसचे धक्के खात येते आणि गोडबोल्या माणसांना फार वेळ सोसत नाही, म्हणून आमचं दोघींचं जमलं. ज्यांना क्षमा करता येते त्यांना माझा लांबून नमस्कार. मला डूख धरणारी माणसं आवडतात. काय झालं होतं ते निदान त्यांच्या लक्षात असतं.

उज्वलानं डूख धरला होता दयानंदवर. दयानंद आमचे सुपरवायझर. जिभेवर खडीसाखर, आणि केंद्राच्या गाडीची किल्ली खिशात. त्या वेळी केंद्राच्या ओसरीत एक फळा होता. ज्याला गाडी हवी त्यानं त्यावर खडूनं लिहायचं, आणि दयानंदनी ते बघून ड्रायव्हरला सोडायचं, अशी पद्धत. डस्टर मात्र त्यांच्या टेबलाच्या खणात असायचं.

दोन वर्षांपूर्वी उज्वलाच्या भावजयीला, रेश्माला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. तेव्हा वस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती. उज्वला डोंगर उतरून पळत केंद्रात आली. मी त्या दिवशी दुसऱ्या गावात लसीकरणाला होते. दयानंद ओसरीत भांग पाडत उभे होते. त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"फळ्यावर लिहून ठेव," ते म्हणाले, "बघतो सवडीनं."

तिनं लिहिलं, आणि गाडी मागून येईल म्हणून तशीच उलटी वर धावली. गाडी गेली पिरंगुटला, दयानंदच्या पुतणीच्या साखरपुड्याला. रेश्माला झोळीत घालून खाली आणताना अर्ध्या वाटेत बाळ झालं. मुलगा होता. रडला नाही.

चौकशी झाली तेव्हा फळा स्वच्छ होता. दयानंदनी गळा दाटून सांगितलं की ही बाई केंद्रात आलीच नव्हती, आली असती तर आपण पाठीवर घालून पेशंट आणला असता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी या कानांनी ऐकल्यात. हयगय केल्याचा ठपका उज्वलावर बसला. तो तिनं एक वेळ गिळलाही असता. पण तिचा धाकटा भाऊ धनाजी, बाळाचा बाप, दुसऱ्या दिवशी स्वतः केंद्रात येऊन फळा बघून गेला होता.

"फळा कोरा व्हता," एवढंच तो तिला म्हणाला. त्यानंतर त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. ती दारावरून गेली की आत निघून जायचा. आई, सारजाबाई, पोराच्या धाकानं गप्प बसायची. एकटी रेश्मा तेवढी नणंदेला मानायची, कारण त्या दिवशी वर परतलेल्या उज्वलाचे सोललेले तळपाय तिनं पाहिले होते.

उज्वला कधी रडली नाही. काम करत राहिली, दयानंदला साहेब म्हणत राहिली आणि वाट बघत राहिली. मी एकदा म्हटलं, वरिष्ठांकडे अर्ज कर. ती म्हणाली, "अर्जावर कोन इस्वास ठेवनार, बाई? धनाजीनं डोळ्यानं बगिटलंय. आता त्यानं डोळ्यानंच दुसरं बगाया पायजे."

मागच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेकडून सायली नावाची मुलगी आली. मूळची जवळच्याच नांदे गावची, त्यामुळे आमच्या बायांशी लगेच सूत जमलं. तिला मोजायचं होतं की गावोगावचे आरोग्य कर्मचारी सगळ्यांनी मिळून एकाच ऑनलाइन पानावर काम करायला किती राजी आहेत. प्रश्न विचारायचे आणि एक ते पाच असे गुण द्यायचे. एक म्हणजे अजिबात नको, पाच म्हणजे आजच सुरू करा. राजीपणा असा तराजूत घालता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दयानंदनी आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं की पाचच्या खाली कुणी उतरायचं नाही, केंद्राची शोभा होईल. बायांनी मुकाट्यानं पाच-पाच दिले. उज्वलानं मात्र प्रत्येक प्रश्नाला एक दिला.

दयानंद सगळ्यांसमोर म्हणाले की मेंढरामागं फिरणाऱ्यांना ऑनलाइन काय कळणार. मग सायलीसाठी चहा सांगायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. सायलीनं उज्वलाला शेजारी बसवून विचारलं, का नको?

"लिवनारा लिवतो, पुसनारा पुसतो," उज्वला म्हणाली. "फळा काय, मोबाइल काय, सारखंच."

सायली हसली. तिनं ते पान स्वतःच्या लॅपटॉपवर उघडलं आणि मला माझ्या मोबाइलवरून त्यात काहीतरी लिहायला सांगितलं. मी 'डोस संपले' असं लिहिलं. लॅपटॉपवर अक्षरं उमटत गेली, आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या नावाची रंगीत पट्टी सरकत होती. उज्वला वाकून बघत होती. मग तिनं मला ते पुसायला लावलं. अक्षरं एकेक करून गेली, आणि पुसतानाही वर माझं नाव तसंच.

"म्हंजे पुसनाऱ्याचं नाव बी दिसतंय?"

"पान उघडं असलं की सगळ्यांना दिसतं," सायली म्हणाली.

उज्वलानं कागद मागून घेतला आणि सगळे एक खोडून पाच केले. असं चालतं का, याचा सायलीला प्रश्न पडला. शेवटी तिनं शेरा मारला की प्रात्यक्षिकानंतर राजीपणा वाढला. कशानं वाढला ते मला दिसत होतं. उज्वलाचे डोळे मी पहिल्यांदाच एवढे खुशीत पाहिले.

फळा काढला आणि पान सुरू झालं. बाया त्यालाही फळाच म्हणायच्या. सायलीनं प्रत्येकाच्या मोबाइलवर ज्याच्या त्याच्या नावानं ते बसवून दिलं, दयानंदच्याही. पण आमच्याकडच्या रीती अशा सहज सुटत नाहीत. साहेबांना नुसतं लिहून कळवणं म्हणजे आगाऊपणा. त्यामुळे जी ती पानावर लिहायची आणि मग अदबीनं फोन करायची, "साहेब, लिवलंय, बगा." दयानंद फोनवरच गाडीचं काय ते सांगायचे. पान त्यांनी स्वतः कधी उघडलंच नाही. उघडायची गरज कुणी पडू दिली नाही. हे उज्वलानं हेरून ठेवलं.

रेश्माला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला पूर्ण भरले. एका सकाळी मी केंद्रात आले आणि पर्स ठेवते तोच पानावर ओळ उमटली. 'वरची वस्ती. रेश्मा धनाजी. कळा सुरू. गाडी पाठवा.' वर उज्वलाचं नाव. दयानंद गाडी घेऊन स्वतःच्या कामाला पौडला गेले होते. मी त्यांना फोन लावणार, इतक्यात उज्वलाचा मला फोन आला.

"साहेबांना कुनी फोन करायचा न्हाई," ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. तुझा सूड तुझ्यापाशी ठेव, पोटुशी बाई पणाला लावू नको, असं बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग फोन रेश्माकडे दिला. रेश्माचा आवाज कळांनी तुटत होता, पण शब्द ठाम होते.

"बाई, म्याच नगं म्हनलंय. पिकअप दारात हुबी हाय. आमी निगालोय. त्याला नुसतं लिवून कळवलंय. बगू द्या त्याला सवडीनं."

तेव्हा मला समजलं की हा डाव एकटीचा नाही. रेश्मानं महिनाभर आधीच नवऱ्याला सांगून मित्राची पिकअप आणवून ठेवली होती. धनाजीला डाव माहीत नव्हता. तो घाबरलेला होता, म्हणून गाडी आणली, एवढंच. पिकअप आली, मी हात धुऊन तयार होते, आणि दुपारच्या आत रेश्माला मुलगी झाली. ती एवढ्या जोरात रडली की ओसरीतले लोक हसायला लागले. उज्वला बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मी पोरगी दाखवली तेव्हा तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता बैठक कवा हाय?"

केंद्राची महिन्याची बैठक आठवड्यानं झाली. तालुक्याचे डॉक्टर निरंजन आले होते, सायली भिंतीवर पान दाखवायचं यंत्र घेऊन आली होती. पेशंटचे नातेवाईक म्हणून धनाजीलाही बोलावलं होतं. तो दाराशी उभा राहिला, बहिणीकडे पाठ करून. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, केंद्राची गाडी असताना बाळंतीण पिकअपमधून का आली?

दयानंद उठले. आपल्याला काही कळवलंच नव्हतं, असं म्हणाले. या बाईंनी मागच्या खेपेलाही असंच केलं होतं, माहिती द्यायची नाही आणि नंतर केंद्राचं नाव खराब करायचं. धनाजीनं मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पान उघडा.

सायली वायर जोडू लागली. दयानंद खाली बसले आणि त्यांचा मोबाइल टेबलाखाली गेला. मी समोरच होते, त्यांचा अंगठा हलताना मला दिसला. बिचाऱ्यांना वाटलं, आपला मोबाइल म्हणजे आपलं खणातलं डस्टर.

भिंत उजळली. 'वरची वस्ती' ही ओळ मधोमध होती, आणि तिच्या टोकाशी एक हिरवी पट्टी. पट्टीवर नाव, दयानंद. पट्टी मागं सरकली. 'पाठवा' गेलं. मग 'गाडी' गेलं. मग 'सुरू', मग 'कळा'. सायलीनं तोंडावर हात ठेवला. दयानंद मान खाली घालून मन लावून पुसत होते. पट्टी रेश्माच्या नावापर्यंत आली तेव्हा त्यांना एवढी शांतता का आहे असं वाटलं असावं. त्यांनी वर पाहिलं. भिंतीवर स्वतःचं नाव पाहिलं आणि अंगठा तिथंच राहिला.

"पुसा की, साहेब," उज्वला बसल्या जागेवरून म्हणाली. "मागल्या खेपेला बगाया कुनी नव्हतं."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींनी सुखावले असेन, पण त्या क्षणाइतकं गार कधी वाटलं नाही. दाराशी धनाजी भिंतीकडे बघत होता. तो बायांच्या मधून वाट काढत बहिणीपाशी आला.

"आक्का," तो म्हणाला, "घरी चल."

ती उठली नाही. बैठक संपेपर्यंत बसून राहिली. दयानंदकडे बघत.

दयानंदला घरी बसवलं आणि चौकशी लागली, या वेळी खरी. जुनं प्रकरणही वर निघालं. मग एका रणरणत्या दुपारी ते माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, सिस्टर, तुम्ही मध्ये पडा. उज्वलाताईंनी एवढंच लिहून द्यावं की माझं चुकून बोट लागलं. आता ती ताई झाली होती. मी म्हटलं, चला की वर. मी मध्ये पडायला नाही, बघायला निघाले होते, हे त्यांना काय माहीत.

वस्तीवर गाडी जाते, पण किल्ली आता दुसऱ्याच्या खिशात होती. झोळी ज्या वाटेनं खाली आली त्याच वाटेनं आम्ही चढलो. दयानंद दर वळणावर थांबत होते. वर पोचलो तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. धनाजीच्या अंगणात रेश्मा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी उज्वला आणि सारजाबाई. कुणी या म्हणालं नाही. ज्या वस्तीवर वैऱ्यालाही आधी तांब्या मिळतो, तिथं कुणी जागचं हललं नाही.

दयानंद बोलू लागले. नोकरी, मुलांची शिक्षणं, आजारी बायको. उज्वलानं सगळं ऐकलं आणि रेश्माकडे बोट केलं. "मला नगा सांगू. पोर हिचं गेलं."

ते रेश्माकडे वळले, पण तिनं पोरीवरची नजर काढली नाही. घशाला हात लावून ते म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

सारजाबाई सवयीनं तांब्याकडे वळली. रेश्मानं सासूचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"फळ्यावर लिवून ठेवा," उज्वला म्हणाली. "बगते सवडीनं."

दयानंद वळले आणि उतरू लागले. मीही त्यांच्या मागं निघाले. पहिल्या वळणावर ते दगडावर बसले आणि माझ्याकडे बघू लागले. माझ्या पर्समध्ये पाण्याची भरलेली बाटली होती. मी ती काढली नाही.