उरुमचीच्या बाजारातली धाकटीची खोली

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा मला निमगाव सावाला नांदायला येऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे झाले होते, आणि डोक्यावरचा पदर जरा ढळला की सासूबाई खाकरतात, हेही अंगवळणी पडलं होतं. धाकटी आली नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. माहेर अवसरी बुद्रुकचं, कॉलेज मंचरला झालेलं, डोळ्यांवर चष्मा. वर्ष उलटायच्या आत ती लुनावर बसून एकटी नारायणगावला जायला लागली. द्राक्षबागेची औषधं आणायची, दुकानदाराशी वाद घालायची. आणि सासूबाई, ज्यांनी मला कधी एकटीला वेशीपर्यंत सोडलं नाही, त्या ओट्यावर बसून शेजारणीला सांगायच्या, "आमची धाकटी लई हुशार हाय."

तिनं एकदा मला विचारलंही होतं, "ताई, तुम्हाला शिकवू का गाडी?"

मी म्हणाले, "मला कुठं जायचंय?"

त्यानंतर गाडीचा आवाज आला की माझ्या पोटात दुखायचं.

तिच्यापेक्षा माझ्याकडं जास्त असं एकच होतं, माझी पोरं. धाकटीला मूल नव्हतं. त्यावरून मी तिला कधी तोंडानं बोलले नाही, पण घरात तिचं कौतुक सुरू झालं की मी पोरांना हाक मारून जवळ बसवून घ्यायचे. कधी केस विंचरायचे, कधी सदऱ्याचं बटण बघायचे. ती उठून आत जायची.

पुढं काही वर्षांनी द्राक्षाला चांगले दिवस आले. आमच्या भागातल्या बागायतदारांची एक टोळी चीनला निघाली. चीनच्या पार पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला द्राक्षं पिकवतात, मातीच्या खोल्यांत वाळवून बेदाणा करतात, ते बघायला. आमचे मालक आणि भाऊजी, दोघांचं नक्की झालं. तेव्हा धाकटी म्हणाली, बागेत विरळणी बायका करतात, घड औषधात बुडवतात बायका, मग बघायला बायका का नकोत? हे तिनं भाऊजींच्या गळी उतरवलं, भाऊजींनी आमच्या मालकांच्या. म्हणजे मी चीन बघितला तोही तिच्यामुळं. विमानात बसायच्या आधीच हे मला खुपायला लागलं होतं.

पुण्याच्या सहलवाल्यानं सगळं ठरवून दिलं होतं, शेवटचे दिवस सोडून. ते उरुमची नावाच्या शहरात मोकळे होते. ज्याला जिथं राहायचं त्यानं तिथलं हॉटेल सांगावं, तो बुक करणार होता. म्हणून आम्ही चौघं एका दुपारी नारायणगावच्या सायबर कॅफेत गेलो. खुर्च्या दोनच. एकीवर धाकटी, माउस तिच्या हातात. दुसऱ्या खुर्चीवर मला बसवलं, पण पाहुणीला बसवतात तसं.

"हे घेऊया," धाकटी म्हणाली. "खाली उतरलं की बाजार. बेदाण्याची दुकानं सगळी त्याच गल्लीत आहेत."

फोटोत एक जुनाट, राखाडी इमारत होती. खालच्या मजल्याला पाट्याच पाट्या.

"आणि ते?" मी बोट दाखवलं. दुसऱ्या फोटोत संगमरवरी पायऱ्या होत्या, गुलाबी पडदे होते, आणि पलंग एवढा मोठा की आमच्या घरच्या खोलीत मावला नसता.

"छान आहे, पण लांब पडेल, ताई. नकाशावर जवळ दिसतं. मध्ये मोठा रस्ता आहे, वर पूल आहे. वळसा घालून यावं लागेल."

"घोडेगावच्या शाळेतून मी डोंगरातल्या आमच्या गावाला चालत जायचे," मी म्हणाले. "मला लांबचं सांगू नकोस."

मालक मागं उभे होते. "दोघी एकाच जाग्याला ऱ्हावा की," ते म्हणाले. "परमुलखात येगळं कशाला?"

"घरात सगळं तिच्याच मनानं चालतंय. तिकडं तरी माझ्या मनाची खोली घेऊ द्या."

धाकटीनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "मग आपण दोन वेगवेगळी घेऊ. ताईंना तीच आवडलीय." एवढं शहाण्यासारखं बोलली की मला आणखीच राग आला. भांडली असती तर मी जिंकले तरी असते.

श्रावणात निघालो. बरोबर दशम्या, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी होती, कारण तिकडं सगळीकडं मटण आणि आमचा तर श्रावण. आधी बागा बघितल्या. भोकंभोकं ठेवून रचलेल्या मातीच्या विटांच्या खोल्या, आत दांड्यांना लटकवलेले हिरवे घड, आणि त्या भोकांतून येणारा गरम वारा. मालक भिंतीला हात लावून लावून बघत होते. मी मात्र दुसरंच बघत होते. भाऊजी धाकटीची पिशवी धरून चालत होते. खांद्यावर त्यांची, हातात तिची. पायरी आली की तिचा दंड धरायचे. आमच्या मालकांनी आयुष्यात माझी पिशवी धरली नव्हती. भर बाजारातून मी पुढं पीठ घेऊन आणि ते मागून मोकळ्या हातानं, असंच आमचं चाललेलं.

"हिचे पाय मोडलेत का?" मी मालकांना विचारलं.

"असंल दमली," ते म्हणाले.

उरुमचीला पोचलो तेव्हा घड्याळात रात्र झाली होती आणि बाहेर ऊन होतं. सबंध चीनला एकच घड्याळ, त्यामुळं त्या टोकाला सूर्य फार उशिरा मावळतो, असं धाकटीनं सांगितलं. तिला हेही ठाऊक होतं. टॅक्सीनं आधी त्यांना सोडलं, मग पुलाला वळसा घालून आम्हाला.

खोली होती फोटोसारखीच. गुलाबी पडदे, मोठा पलंग, पाय रुतेल असं जाजम. खिडकी पडद्यांनी पूर्ण झाकलेली. मी पलंगावर बसून मालकांना म्हटलं, "बघा, कशी हाय."

"चांगली हाय," ते म्हणाले आणि सकाळी चहा पिऊन भावाकडं गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत. आले ते चप्पलही न काढता सांगायला लागले. बेदाण्याचे व्यापारी भेटले, त्यांना धाकटीच्या खोलीवर बोलावून चहा पाजला, धाकटी हातवारे करून त्यांच्याशी बोलते, तिला कळलं की हे लोकही बाजाराला बाजारच म्हणतात आणि रोटीला नान. "लई मजा आली," म्हणाले आणि जेवून परत निघाले. मला चल म्हणाले, मी म्हटलं डोकं दुखतंय. मग त्या मोठ्या पलंगावर एकटी पडून राहिले. आवाज कसलाच नाही. पैसे मोजून एवढी शांतता घेतली होती, आणि माझा नवरा दुसरीच्या खोलीत बसून चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही, गेले. रस्ता खरंच लांब होता, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही. जिन्याआधी पदरानं घाम पुसला.

धाकटीची खोली एवढीशी. दोन अरुंद खाटा, भिंतीचा रंग उडालेला. पण खिडकी उघडली आणि सगळा बाजारच आत आला. खाली तंदूर, त्यातून आकड्यानं काढलेले चाकाएवढे नान. हिरव्या, काळ्या, सोनेरी बेदाण्यांचे ढीग. अक्रोड, रंगीत टोप्या, गालिचे. रुमाल विकणारी एक बाई मान वर करून हसली आणि हात हलवला. मी हात हलवणार होते, तर कळलं की तो धाकटीला होता. एका दिवसात हिची तिथंही ओळख झाली होती. आमच्या गावात मला अजून लोक कुणाची तरी सून म्हणूनच ओळखायचे.

पुरुष दोघं खाली गेले. मी म्हटलं, "चल, आपण पण जाऊ."

"तुम्ही जाऊन या, ताई. मी बसते."

"एवढ्या हट्टानं बाजारात खोली घेतलीस आणि बाजारात उतरत नाहीस? खिडकीतूनच बघायचं होतं तर फोटो होता की नारायणगावात."

खालून भाजलेल्या मटणाचा वास आला. तिनं तोंडावर पदर धरला आणि उठून न्हाणीघराकडं गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक, चष्मा हातात. खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत."

मी ऐकलं ते नीट ऐकलं. तरी विचारलं, "काय?"

"निघायच्या आधी कळलं. पुण्यात औषध चालू होतं माझं, तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जास्त चालू नका. म्हणून तर ही खोली घेतली, चालायला नको म्हणून. ह्यांना तेवढं माहितीय. ते येऊ नको म्हणत होते. मी म्हटलं, मीच सगळ्यांना तयार केलं आणि मीच घरी राहू?" मग ती रडायला लागली. "इथं गाड्यांच्या आवाजानं डोळ्याला डोळा लागत नाही. आणि हा वास. मला भीती वाटते, ताई. काही झालं तर?"

त्या वेळी माझ्या मनात जे आलं तो आनंद नव्हता. पहिला विचार आला, आता हिला तेही मिळालं. लुना मिळाली, सासू मिळाली, पिशवी धरणारा नवरा मिळाला, आणि एवढं एक माझं होतं तेही. मी तिच्याकडं बघत उभी राहिले. खाली कुणीतरी मोठ्यानं ओरडून टरबूज विकत होतं.

पण ती माझा हात घट्ट धरून बसली होती, आणि बाईच्या अंगात काय होतं हे त्या खोलीत मलाच ठाऊक होतं. मी पर्समधून आवळासुपारी काढून तिच्या तोंडात घातली. "चघळ. गिळू नकोस." मग म्हटलं, "कपडे भर. माझ्या खोलीत जायचं. तिथं आवाज न्हाई, वास न्हाई. पलंग मोठा हाय."

"आणि तुम्ही?"

"मी हितं ऱ्हाते."

दोघं भाऊ वर आले तेव्हा मी तिची पिशवी भरत होते. भाऊजींच्या लक्षात आलं की मला कळलंय. ते मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, तुमी हायसा म्हणून बरं." मालकांना सगळं उलगडायला वेळ लागला. उलगडल्यावर ते खाटेवर बसले आणि नुसते हसत राहिले. मी त्या हसण्याकडं बघितलं. माझ्या वेळी ते असे हसले होते का, आठवेना.

अशी मी बाजारातल्या खोलीत आले. राहिलेले दिवस मी खिडकीत उभी होते नाहीतर खाली होते. बेदाणा चाखला, नान चटणीला लावून खाल्ला. रुमालवालीकडं गेले तर तिनं डोळ्यांपुढं दोन बोटांची गोल कडी केली. चष्मेवाली कुठंय, असं विचारत होती. मी दोन्ही हात गालाखाली धरून झोपलीय म्हणून दाखवलं. तिनं काळजीचा चेहरा केला आणि मूठभर अक्रोड माझ्या हातात कोंबले, तिच्यासाठी. ते मी नेऊन दिले. पण वाटेत, पुलाखालच्या त्या लांब रस्त्यावर, त्यातले थोडे मीच खाल्ले.

माझ्या खोलीत धाकटी उशांना टेकून बसली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. "ताई, इथून बर्फाचा डोंगर दिसतो बघा," म्हणाली. मी त्या खोलीत होते तेव्हा पडदे इतके आवडले होते की ते बाजूला करून कधी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सांगितलं, "माझी निवड चुकली आणि ताईंची बरोबर निघाली." सासूबाईंनी पहिल्यांदा मला म्हटलं, "शहाणी हायेस." मला ते गोड लागलं नाही. शहाणपण मी दाखवलंच नव्हतं, आणि कौतुक मिळालं तेही धाकटीनं वाढून दिलेलं.

बागेतला माल संपत आला तेव्हा तिला मुलगी झाली. धाकटीला बागेची, औषधांची, व्यापाऱ्यांची कामं, त्यामुळं पोर माझ्या मांडीवर वाढली. मला मुलगी नव्हती. तिला मी न्हाऊ घालायचे, वेण्या घालायचे. ती बोलायला लागली तेव्हा मला आई म्हणायची आणि धाकटीला नावानं हाक मारायची, भाऊजी मारायचे तशी.

एकदा धाकटी नारायणगावहून आली, गाडी लावली, हातात खाऊचा पुडा. दारात उभं राहून तिनं पोरीला हाक मारली. पोर माझ्या मांडीवर होती, हलली नाही. धाकटीनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मी मान वर केली. चष्म्यामागं तिचे डोळे माझ्याकडं बघत होते, पोरीकडं नाही. ती नजर मला कुणी ओळखायला शिकवायची गरज नव्हती.

"जा, आईकडं जा," असं मी पोरीला म्हणाले. पण तिच्या कमरेवरचा हात मी लगेच काढला नाही.