बाबांच्या दंडावरची गाठ

माझे थोरले काका शिंपी. भर उन्हाळ्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मशीनवर बसत, कारण दोन्ही हातांवर सुपारीएवढ्या चरबीच्या गाठी. आजोबांकडून आलेल्या. हा वारसा म्हणजे नाणेफेकच. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. काकांचं नाणं उलटं पडलं, माझ्या बाबांचं सुलटं. निदान काका तसं धरून चालले होते.

बाबांना ते 'गुळगुळीत साहेब' म्हणत आणि त्यांच्या शर्टाचं माप दर वेळी नव्याने घेत.

"जुनं माप आहे की, दादा."

"माणूस सुटतो रे. उभा राहा गप."

टेप दंडाभोवती फिरवताना काकांची बोटं जरा जास्तच रेंगाळत. सापडावी एखादी, म्हणून.

त्या दिवशी सापडली. दंडाच्या आतल्या बाजूला, वाटाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी.

"आटप ना, गुदगुल्या होतायत."

"आली रे तुलाही!" आवाजातला आनंद लपवायचं काकांना सुचलंच नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "वाईट काही नसेल ना?"

"नुसती चरबी असणार. डॉक्टरला दाखव एकदा. मीही दाखवलं होतं."

बाबा तडक आतल्या खोलीत आजीकडे गेले. मागोमाग काका, मजा बघायला. आजीने चष्मा लावला, गाठ चाचपली आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई! ह्यांची पहिली अगदी इथेच आली होती." तिचा अंगठा त्या गाठीवरून फिरत राहिला.

काकांचा जळफळाट झाला. इतकी वर्षं हातभर वारसा अंगावर वागवला, आणि कौतुक ह्याच्या एका वाटाण्याचं! त्यांनी बटण काढून बाही कोपरापर्यंत ओढली. "आणि ह्या काय शेजाऱ्यांच्या?"

आजीने तो हात मांडीवर ओढला. बाकीच्या गाठी ओलांडून तिचं बोट मनगटाजवळ थांबलं.

"ही नवीन. मागच्या महिन्यात नव्हती."

"तुला काय माहीत?"

"आंघोळीहून टॉवेल गुंडाळून येतोस, तेव्हा डोळे मिटून बसते का मी?"

काकांनी तोंड फिरवलं. हात मात्र सोडवून घेतला नाही.

"आई, अगं, माझं चाललं होतं ना," बाबा म्हणाले. दंड अजून पुढेच धरलेला.

"थांब रे जरा. तुझी एकच तर आहे."