माझ्या आधी घर बघून गेलेली बाई

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कोणत्या तोंडाने सांगतेय ते कळेल. मी मुदखेडला शाळेत विज्ञान शिकवते, सोळा वर्षं झाली. लिंबातून रक्त काढणं, जिभेवर कापूर जाळणं, असले बाबा लोकांचे प्रयोग मी दरवर्षी पोरांसमोर करते आणि त्यामागचं कारण फळ्यावर लिहून देते. अंगात येणं, नजर लागणं... आमच्या घरात हे शब्द काढायची कोणाची हिंमत नाही. आजही माझं मत तेच आहे. फक्त एक गोष्ट मला फळ्यावर लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी अनुजा दहावी झाली आणि मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला जायचं ठरलं. होस्टेलला ठेवायला माझं मन तयार नव्हतं. मला नोकरी सोडता येत नाही, आमचे हे रेल्वेत. शेवटी सासूबाई म्हणाल्या, मी राहते तिच्याजवळ, तुम्ही शनिवार-रविवार येत जा. प्रश्न उरला घराचा.

जूनअखेरचा शनिवार. रजा टाकली आणि अनुजाला घेऊन पहाटेच्या गाडीने निघाले. परतीची गाडी चारची होती. जूनमध्ये लातुरात घर शोधणं म्हणजे काय ते ज्यांनी शोधलंय त्यांना माहीत आहे – क्लासच्या आसपास एकेका खोलीला चार-चार आया रांगेत! पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. दुसऱ्या घरात हॉल आणखी एका कुटुंबाबरोबर वाटून घ्यायचा होता. बारा वाजून गेले, अनुजा वैतागली. वह्या घ्यायला एका दुकानात शिरलो, तर काउंटरवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला. ‘दोन खोल्या, किचन, तळमजला, फक्त मुलींसाठी किंवा फॅमिलीसाठी.’ खाली नंबर. मी तिथूनच फोन लावला.

बाईंचा आवाज आला. मी म्हटलं, मुदखेडहून आलेय, घर बघायचं आहे.

“या की. तुमचीच वाट बघत होते,” त्या म्हणाल्या.

बोलायची पद्धत असते, मी काही मनावर घेतलं नाही.

घर जवळच होतं, दोन गल्ल्या सोडून. मालकीणबाई साठीच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. माहेर उदगीरकडचं, सगळे त्यांना अक्का म्हणतात. यजमानांचं मार्केट यार्डात धान्याच्या अडतीचं दुकान आहे. अक्कांनी फाटक उघडलं, माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या पोरीला म्हणाल्या, “हीच का अनुजा?”

मी अनुजाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. फोनवर मी तिचं नाव घेतलं नव्हतं. स्वतःचंसुद्धा सांगितलं नव्हतं.

अक्का आम्हाला आत घेऊन गेल्या. त्यांचं बोलणं चालूच होतं. तुम्ही म्हणालात तसं सगळं केलंय, खिडकीची जाळी बसवली, गिझर बदलला, जुना भंगारात देऊन टाकला. बाथरूमचं दार उघडून त्यांनी भिंतीवरचा नवाकोरा इलेक्ट्रिक गिझर दाखवला. वर व्हेंटिलेटरच्या काचा नव्या, पुट्टीचा वास अजून येत होता.

मी म्हटलं, अक्का, तुमची गल्लत होतेय, मी या घरात आजच पहिल्यांदा येतेय.

त्यांना ती थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बुधवारी दुपारी मी आले. एकटीच. मुदखेडला मास्तरीण आहे म्हणाले, मुलगी अनुजा, सोबत सासूबाई राहणार. खोल्या नीट बघितल्यासुद्धा नाहीत, सरळ बाथरूममध्ये गेले. तेव्हा तिथे गॅसचा गिझर होता. मी तो चालू करायला लावला, वाकून ज्योत बघितली आणि म्हणाले, ही पिवळी जळतेय, हा आजच काढा. अक्का म्हणाल्या, बघू सावकाश. पण मी ऐकेना. मेकॅनिक येऊन तो गिझर भिंतीवरून उतरवेपर्यंत मी दारातून हलले नाही. मग चहा घेतला – बिनसाखरेचा – आणि शनिवारी मुलीला घेऊन येते म्हणून गेले.

मी चहात दोन चमचे साखर घेते. बाकी सगळं बोलणं मात्र माझंच होतं.

अशा वेळी माणूस घाबरतो म्हणतात. मला राग आला. कोणीतरी माझं नाव-गाव वापरून फिरतंय असं वाटलं. मी अक्कांना म्हटलं, तो मेकॅनिक कुठे बसतो ते दाखवा. कोपऱ्यावरच त्याचं दुकान होतं. जब्बारभाई, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मान वर केली आणि मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “मॅडम, नवीन बरोबर चालतोय ना?”

त्यांना विचारलं, बुधवारी नेमकं काय झालं? ते म्हणाले, जुन्याचा बर्नर काजळीने भरला होता. व्हेंटिलेटर बाहेरून प्लायवूड मारून बंद. “ते प्लायवूड तर तुम्हीच दाखवलं मला. आतून दिसतच नव्हतं. दार लावून कोणी अर्धा तास आंघोळ केली असती तर खलास होतं, मॅडम.”

अनुजा अर्धा तासच आंघोळ करते. आमच्याकडे यावरून रोज भांडण होतं.

पिवळी ज्योत, अपुरं ज्वलन, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. हा धडा मी दरवर्षी शिकवते. दुकानातून घरी परत आल्यावर अक्कांनी आपणहून सांगितलं की आधीच्या भाडेकऱ्यांची मुलगी आंघोळीहून आली की डोकं धरून बसायची, एकदा चक्कर येऊन पडली होती. सगळ्यांनी अभ्यासाचा ताण म्हणून सोडून दिलं.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी तपासलंय. बुधवारी मी शाळेत होते. हजेरीपटावर सही आहे, पाचपर्यंत तास घेतले, चाळीस पोरं साक्षीला आहेत. मुदखेडहून लातूर साडेतीन-चार तास. मला बहीण नाही. समोरच्या किराणा दुकानात कॅमेरा आहे, पण त्यात दोनच दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, बुधवार पुसला गेला होता. हे घर भाड्याने आहे हे मला शनिवारी दुपारी कळलं, तेही वह्या घ्यायला दुकानात शिरले म्हणून. मग मुदखेडच्या मास्तरणीला अनुजा नावाची मुलगी आहे आणि ती इथे राहायला येणार, हे बुधवारी कोणाला माहीत असणार?

अक्कांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं. मी त्यांना सरळ विचारलं, आता मला घर देणार का नाही? त्या म्हणाल्या, “बाई, वाईट करणारी असती तर गिझर काढा म्हणाली नसती. तुम्ही राहा.”

मी तिथेच हो म्हटलं. ह्यांनी फोनवर तीनदा विचारलं, नक्की? मी तीनदा नक्की म्हटलं. सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी गृहप्रवेशाला उंबऱ्यावर नारळ फोडला आणि मी पहिल्यांदा त्यांना अडवलं नाही. वर्ष झालं. दोघी मजेत आहेत, अनुजा बारावीला गेली. ती बाई परत कोणालाच दिसली नाही.

भीती मला कधीच वाटली नाही. टोचतं ते वेगळंच. त्या शनिवारी मला चारची गाडी गाठायची होती. मी स्वतःला ओळखते – मी क्लास किती लांब ते विचारलं असतं, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं असतं. गिझर चालू करून पाण्याखाली हात धरला असता, गरम येतंय म्हटल्यावर खूश झाले असते आणि निघाले असते. सोळा वर्षं तो धडा शिकवूनही मी वाकून ज्योत बघितली नसती.

ती कोण होती, मला माहीत नाही. पण आई म्हणून ती माझ्यापेक्षा जास्त सावध होती, एवढं मला मान्य करावं लागतं.