सांडव्याजवळच्या दगडावर आई नाही

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती लागली तर तेवढं माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढं पेन हातात आला तो सहीपुरता. चारचौघांत माझ्याच्यानं बोलणं होत नाही. म्हणून लिहिते.

आमची वस्ती पाझर तलावाच्या काठावर आहे. मोठं गाव दोन किलोमीटर लांब. जाफराबादची जीपसुद्धा तिथूनच मिळते. वस्तीत आता चाळीसेक घरं आहेत. सुरुवातीला सात होती. ती सात कशी झाली हे मला कुणी सांगायची गरज नाही, त्यातल्याच एका घरात मी वाढले.

बाहत्तरच्या दुष्काळात तलावाचं काम निघालं. वडील त्याआधीच वारले होते. आई मला घेऊन कामावर आली, मी तेव्हा सहा-सात वर्षांची. बाया मुरूम खणायच्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावर नेऊन टाकायच्या. मजुरी खड्डा मोजून मिळायची. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता सोडायचा, त्याच्या उंचीवरून साहेब खोली मोजायचा. खांबाच्या माथ्यावर मूळ जमिनीचं वाळकं गवत जपून ठेवायचं. गवत जागेवर असलं म्हणजे माथा कुणी तासलेला नाही, हे दिसायचं. आई दुपारची भाकरीसुद्धा त्या खांबाजवळ बसूनच खायची.

मुकादम मोठ्या गावचा होता. एका सकाळी सात बायांच्या खड्ड्यांतले खांब वीतवीत बुटके झालेले दिसले. वर गवत नाही, कोरी ओली माती. आमच्या खड्ड्यांतली तेवढी माती त्यानं आपल्या भावकीच्या नावावर लावली होती, आणि त्या भावकीतलं एकही माणूस कामावर येत नव्हतं. आई म्हणाली, "मोजमाप बराबर होत न्हाई तवर टोपली उचलायची न्हाई." सातही जणी खड्ड्यांपाशी बसल्या. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी साहेब आला. त्यानं तासलेले माथे पाहिले, मजुरी पूर्ण लावली. मुकादमाला तो काही बोलला नाही.

तलाव झाला. मुकादमानं बाकीच्या मजुरांना धावड्याकडच्या रस्त्याच्या कामावर नेलं आणि या सात जणींची नावं तेवढी गाळली. त्यांच्या आपापल्या गावाकडं कुणाचं काही राहिलं नव्हतं. तलावाजवळ उरलेल्या मुरमाचा ढीग होता, त्यावर त्यांनी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या भिंती उभ्या केल्या. पहिली मेढ आईनं रोवली. अशी झाली आमची वस्ती. पुढं उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की त्या गाळात काकड्या आणि वाळकं लावायला लागल्या. पाण्यानं दरसाल बांध पुसले जायचे, म्हणून दोघी दोन्ही टोकं धरून लुगड्यानं पट्ट्या मोजायच्या. एक लुगडं, एक घर. भांडण कधी झालं नाही.

गेल्या वर्षी सांडव्याजवळ वस्तीचा इतिहास लिहिलेला दगड बसवायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष झाला त्या मुकादमाचा मुलगा. घरटी पाचशे रुपये वर्गणी. ती मी दिली, आणि शेळी विकून आलेल्या पैशांतले तीन हजार वेगळे दिले. सोबत एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत सात बायांची नावं होती, आणि आईच्या नावापुढं 'पहिलं घर' एवढेच दोन शब्द. त्यानं चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि म्हणाला, "येईल ताई, बराबर येईल. काळजी सोडा."

जुन्या जालन्यातून टेम्पोत घालून दगड आणला. काळा, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचा. सात जणींपैकी आता एकच मावशी उरली आहे. तिला दिसत नाही. दगड बसवला त्या दिवशी ती माझा हात धरून उभी होती.

"वाच की गं. काय लिव्हलंय?"

मी तिच्या कानाशी वाचलं. मुकादमांनी दुष्काळात निराधार मजूर बायांना आसरा देऊन ही वस्ती वसवली. खाली समितीतल्या अकरा पुरुषांची नावं. बाईचं एकही नाही.

"आसरा?" मावशी केवढ्यानं तरी ओरडली. "ह्याच्या बापानं? आरं, त्यानं तर आमच्या खांबाचे माथे तासले व्हते!"

काही लोक हसले. अध्यक्ष म्हणाला, "आजी, जुनं झालं ते. नारळ फोडू द्या आता."

समितीतला एकजण म्हणाला, "मजुरांची नावं लिहायला बसलो तर दगड पुरायचा न्हाई."

"आम्ही वाह्यलेल्या मुरमात आख्खा तलाव झाला," मावशी म्हणाली, "अन् तुमचा दगड सात नावांत संपून राह्यला का?"

मी मात्र पदर तोंडाशी धरून गप्प उभी राहिले. त्याचा राग मला आजही येतो. माझी आई दोन दिवस उन्हात बसली, आणि तिच्या लेकीला दोन शब्द काढता आले नाहीत. निराधार म्हणे! ज्यांच्या हातचं काम मुकादमानं काढून घेतलं त्यांनाच त्याच्या मुलानं निराधार लिहिलं, तेही माझ्या शेळीच्या पैशानं.

आठ दिवसांनी मी अध्यक्षाच्या घरी गेले. दगडावरचं बदला, एवढंच म्हणाले.

तो हसला. "ताई, कोरलेलं हाय ते. त्याला खोडरबर चालत न्हाई."

"मंग माझे पैसे द्या."

हे मी बोलले याचं मलाच नवल वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं लगेच हो म्हटलं. नंतर मात्र हेलपाटे सुरू झाले. त्याच्या चपला उंबऱ्याशी असायच्या आणि त्याची बायको आतूनच सांगायची, "बाहेरगावी गेलेत." मी ओट्यावर बसून राहायची. एकदा हजार मिळाले, महिन्यानं पुन्हा हजार, पोळ्यानंतर आणखी हजार.

माझा मुलगा म्हणाला, "तीन हजार आले ना आई? आता बास कर. पाचशेसाठी कशाला हसू करून घेती?"

"तुझ्या आजीच्या घरची वर्गणी हाय ती," मी म्हणाले.



ग्रामसभेच्या दिवशी मी मोठ्या गावात गेले आणि दाराबाहेर उभी राहिले. सभा सुटली तसा अध्यक्ष चार माणसांत बोलत बाहेर आला. मला पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता काय राह्यलं ताई?"

"पाचशे."

"ती वर्गणी हाय. सगळ्या वस्तीनं देल्ती. उद्या सगळे मागतील."

"बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई, भाऊ." चार माणसं ऐकत होती, तरी मी थांबले नाही. "तुमच्या वडलांनी आमच्या खांबांचे माथे तासले, कामावरून नावं काढली. अन् तुम्ही लिव्हलं, आसरा दिला. आमच्या घरचा पैसा त्या लिखाणात नको."

सोबतची माणसं त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पाकीट काढलं आणि दोनशेच्या दोन नोटा आणि एक शंभराची माझ्या हातावर ठेवली. मी त्या तिथंच मोजल्या. साडेतीन हजार पुरे परत आले. त्या दगडात आता आमच्या घरचा एक रुपयाही नाही.