वाळवीचा पाहुणचार

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्यामुळे आमच्या नांदेडच्या घरात वाळवी लागली, तेव्हा तिला मारायला मी बंदी घातली.

वाळवी लागली होती एका पाटाला. हदगावच्या माझ्या सासऱ्यांनी आंब्याच्या लाकडाचा तो पाट स्वतः रंधा मारून केला होता. त्याच्यावर बसूनच माझ्या बायकोला, सुमनला, हळद लागली होती. सासरे आता नाहीत. आमच्या पल्लवीची हळदही त्याच पाटावर, हे सुमनने लेकीच्या जन्मापासूनच ठरवून ठेवलेलं. लग्नाला महिना राहिला म्हणून पाट काढला, तर एका पायाला मातीची नळी.

"अवो, औषध आणा अन् मारून टाका," सुमन म्हणाली.

"थांब. वाळवीला लाकूड पचत नाही, माहीत आहे? ती नुसती खाते. तिच्या पोटात सूक्ष्मजीव असतात, ते पचवतात. ते नसले तर पोटभर खाऊनही उपाशी मरेल. वर्गात जिवंत दाखवायचेत मला. सोमवारपर्यंत राहू दे."

"अन् पाट?"

"एकच पाय आहे. चार दिवसांत काय होतंय?"

"माझ्या बाबांचा हाय तो," ती एवढंच म्हणाली. मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला. नवा येईपर्यंत वाळवी जगवणं आलं (कोरडी पडली की मरते बिचारी). मी पाट मागच्या पडवीत ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडलं. होणाऱ्या व्याह्यांचीही मी इतकी उठबस केली नव्हती. दिवा तीन आठवड्यांनी आला. वर्ग खूश झाला, मीही झालो.

हळदीच्या आदल्या दिवशी पाट पुसून बैठकीत आणला. वरून अगदी ठणठणीत. सुमन नुसती बघत होती.

"तू उगाच काळजी करतेस," असं म्हणून मी पाटावर ऐटीत बसलो.

आवाजसुद्धा झाला नाही (लाकूड मोडल्याचा आवाज यायला आधी लाकूड लागतं). चारही पायांचा भुसा झाला आणि मी फरशीवर आलो.

सुमन चिडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि तो भुसा पदरात गोळा करू लागली. मला कमरेपेक्षा ते जास्त लागलं.

उरलेली फळी घेऊन तसाच ऑटो करून युसूफभाई सुतारांकडे गेलो. त्यांनी फळी ठोकून पाहिली. "सर, वरची फळी सलामत हाय. पाय नवे बसवून देतो. पण ह्ये इतकं वलं कसं काय झालं?"

मी त्यांच्या दुकानाचं छत न्याहाळू लागलो.

दुसऱ्या दिवशी पल्लवी त्या पाटावर बसली. माझ्या बहिणीची नजर बरोबर खाली गेली. "वैनी, पाटाचे पाय नवे कसे काय?"

"माझंच चुकलं. वल्या जागी ठेवला मी," सुमन म्हणाली आणि लेकीच्या गालाला हळद लावू लागली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या अशा किती चुका तिने मुकाट पोटात घातल्या असतील, हे आठवायची हिंमत होईना.

पल्लवीला सगळं ठाऊक होतं. हळदीने माखलेल्या तोंडाने ती हळूच म्हणाली, "पप्पा, आपलं खाल्लेलं कोण पचवतं, हे वाळवीला कळतं का हो?"

"कळतं," मी म्हणालो. "पण वाळवी प्राणिशास्त्र शिकवत असली, तर बत्तीस वर्षं लागतात."