शेजाऱ्यांना सांगितलेला आजार

आमच्या केंद्रात सकाळी आठला खिडकी उघडते. सिस्टर गोळी कुटते, समोरच्याच्या जिभेखाली ठेवते आणि ती विरघळेपर्यंत बाकावर बसायला सांगते. पाच-सात मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. पावडर, म्हणजे गर्द, ब्राउन शुगर, सुटावी म्हणून रोज घ्यायचं हे औषध. मी तिथली समुपदेशक. ज्यांना बोलतं करायचं ते माझ्यासमोर येतात तेच तोंड मिटून. माझा दीर म्हणतो, "वहिनी, तुमची मजा आहे. उलटून बोलणारं कोणी नाही."

परळच्या या दुसऱ्या मजल्यावर मला एकोणीस वर्षं झाली. हल्ली गिरगावातून निघतानाच मी दमलेली असते. पूर्वी कोणी पुन्हा पावडरकडे वळला की त्या दिवशी मला जेवण जात नसे. आता जातं. याला लोक अनुभव म्हणतात, आणि नव्या मुलींना माझ्याकडून शिकायला पाठवतात.

तो डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा आणि शिवडीच्या गोदामांमध्ये हमाली करायचा. चाळिशीचा, अंगाने भक्कम, बोलायला कंजूष. त्याच्याकडून एकेक वाक्य काढायला मला महिनाभर लागला. तिथल्या एका गोदामात गोण्यांची थप्पी त्याच्या जोडीदारावर कोसळली होती. याने हातांनी गोण्या उपसल्या आणि शेवटी फक्त जोडीदाराचा हात सापडला. "गरम होता मॅडम हात," तो म्हणाला. "मी धरून बसलो. मग गरम नाय राहिला." त्यानंतर त्याला झोप लागेना. डोळा लागला की गोण्या पडायच्या. कोणीतरी म्हणालं, एक झुरका मार, झोपशील. तो झोपला. पुढची तीन वर्षं तो त्या झोपेच्या मागे होता.

त्याची बायको लोअर परळला पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. कामावर जाण्याआधी ती त्याला आमच्याकडे घेऊन यायची आणि गोळी विरघळेपर्यंत शेजारी बसून राहायची. पहिल्या आठवड्यातच तिने विचारलं, "मॅडम, चाळीत काय सांगू? रोज सकाळी हॉस्पिटलच्या बाजूला कुठे जाता, विचारतात. हे आधी जिन्यात डुलत बसायचे ना, तेव्हापासून आमच्याकडे कोणी नीट बघत पण नाय."

त्या सकाळी माझ्यासमोर ती बहुधा अकरावी होती. कंटाळा आला की मला विनोद सुचतात. मी म्हटलं, "सांगा शुगर आहे. ब्राउन शुगर आहे, ते नका सांगू. खोटं थोडंच आहे?" ती पदर तोंडाला लावून हसली. तो गोळी तोंडात धरून नाकातून हसला. सिस्टर ओरडली, "गिळाल! गिळाल!" मला माझंच कौतुक वाटलं.

शुगरने त्या घराचं भलं केलं, हे मान्य करायला हवं. जिन्यात डुलण्याला कारण मिळालं. वाळलेलं अंग, घाम, सारखं झोपाळलेलं असणं, सगळं शुगरमध्ये बसलं. समोरच्या काकू बिनसाखरेचा चहा पाठवू लागल्या. कोणी मेथीचे दाणे दिले, कोणी कारल्याचा रस. पूजेच्या प्रसादाचा शिरा त्याला चमचाभरच मिळू लागला. "मॅडम, पावडर परवडली, पण हे कारलं नको," तो म्हणायचा. गणेशोत्सवाच्या मंडळात त्याला मांडवाच्या कामात घेतलं. त्याच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. ते तिने मला तीनदा सांगितलं.

मी माझं कामही केलं होतं, हेही लिहून ठेवते. पावडर जास्त झाली तर काय दिसतं, ते मी तिला शिकवलं होतं. घोरल्यासारखा खरखर आवाज, मंद श्वास, निळसर ओठ, हलवूनही जाग नाही. कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा, आणि पहिलं वाक्य हेच बोला की हा पावडर घेतो. उताऱ्याचं औषध असतं, डॉक्टर देतात, पण त्यांना कळलं पाहिजे. लाजायचं नाही. मी तिच्याकडून ते पाठ म्हणून घेतलं. तिने पाढ्यासारखं घडाघडा म्हटलं.

आठ महिने तो चुकला नाही. मग जोडीदार गेला त्याच गोदामात त्याला पुन्हा कामाला पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. चौथ्या दिवशी मी फोन केला. खरं तर दुसऱ्याच दिवशी करायचा होता, पण वरच्या कार्यालयाला अहवाल द्यायचा होता आणि मी तक्ते भरत बसले. फोनवर तो म्हणाला, "उद्या येतो मॅडम, नक्की." "नक्की" म्हणणारे येत नाहीत, हे मला एकोणीस वर्षांत पाठ झालं आहे. तरी मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच वेळी उठून डिलाईल रोडला गेले असते तर चालत वीस मिनिटं लागली असती.

रविवारी दुपारी घरी कॉटवर त्याचा जीव गेला. पावडर पूर्वीइतकीच घेतली होती, पण शरीराची तेवढी सवय आता राहिली नव्हती. सोमवारी सकाळी सिस्टरनेच मला सांगितलं. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नंबरापुढे शेरा लिहिला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी चाळीत गेले. गॅलरीत समोरच्या काकूंनी मला अडवलं. गिरणी चालू होती तेव्हा त्यांचे यजमान तिथे जॉबर, म्हणजे मुकादम, होते, त्यामुळे मजल्यावर त्यांचा शब्द चालायचा. "तुमी थंयल्या बाई ना, गोळयेवाल्या?" त्यांनी हळूच विचारलं. मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आमका म्हायत नव्हता असा नाय हां," त्या म्हणाल्या. "सगळ्यांका म्हायत होता. ह्यांनी तर पयल्याच दिवशी वळाखल्यानी. पण तिना शुगर म्हटल्यान, आमी शुगर म्हटला. पोरगो सुधारता हा, कित्याक उघडा पाडूचा?"

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं.

काकूंनी कठड्यावरचं फडकं उचललं, झटकलं, पुन्हा तिथेच टाकलं. "त्या दिवशी पण मीच म्हटलंय, शुगर उतारली वाटता. तिच्या तोंडार दुसरा काय बोलतलंय?"

त्या रविवारी तिच्या दारात गेलेला अर्धा तास मग मला काकूंकडून कळला. कोणी तळपाय चोळले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तोंडात साखर घातली. दहा-बारा माणसं होती आणि प्रत्येकाला खरा आजार ठाऊक होता. कोणी वाईट नव्हतं. सगळे तिची अब्रू सांभाळत होते.

मला संताप आला, तो आधी त्यांचा आणि मग माझा. ती अब्रू मीच तर त्यांच्या हातात दिली होती, हसत हसत.

ती आत भिंतीला टेकून बसली होती. मी आल्यावर उठू लागली, मी खांदा धरून खाली बसवलं. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. दुसऱ्यांच्या अपराधीपणावर बोलायचा मी पगार घेते, स्वतःचा कबूल करताना मात्र मी फरशीकडे बघत होते.

"शुगरचं मी सुचवलं होतं," मी म्हटलं. "ते बोलायला नको होतं मी. त्यामुळे त्या दिवशी कोणी खरं बोललं नाही. चूक माझी आहे."

तिने मान हलवली. "तुमचं काय त्यात मॅडम. साखर कोणी घातली, सांगितलं काकूंनी?"

"नाही."

"मी घातली."

 ती हळू आवाजात, अगदी सरळ सांगत गेली. "मी कामावरून आले तर हे घोरत होते. ओठ बघितले. तुम्ही शिकवलेलं तसंच होतं सगळं, एक पण गोष्ट वेगळी नाय. मला लगेच कळलं. मी ओरडले, तर सगळे दारात आले. मी बोलणारच होते. पयलं वाक्य, तुम्ही सांगितलेलं, इथपर्यंत आलं होतं." तिने गळ्याला हात लावला. "तेवढ्यात काकू म्हणाल्या, शुगर उतरली वाटतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, हो. डबा मीच काढला. माझ्या हातानी चमचा भरला."

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, "आठ महिने मॅडम, कोणी वाकडं बोललं नव्हतं आम्हाला. मला वाटलं, दोन मिनिटं. हे सगळे जरा बाजूला झाले की खाली जाऊन फोन करते, फोनवर हळूच सांगते. पण कोणी बाजूला होईचना. सगळे मदत करत होते."

मी तिचा हात धरला. पोळपाटाने घट्टे पडलेला हात होता. आमच्या प्रशिक्षणात अशा वेळी गप्प राहायला शिकवतात आणि मी गप्प राहिले, पण ते प्रशिक्षणामुळे नाही. मला रडू येत होतं आणि तिच्यापुढे रडायचा हक्क मला नव्हता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगाल ना? मी तेव्हाच बोलले असते, तर हे वाचले असते?"

मला उत्तर माहीत होतं. मी तिलाच ते शिकवलं होतं, पाठ करून घेतलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तू यायच्या आधीच खूप उशीर झाला होता."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझं खोटं तिला कळलं, हे मला दिसलं. मग पदराने डोळे पुसून ती उठली, "चहा टाकते मॅडम," म्हणाली, आणि ओट्याकडे गेली.