हिरवी वायर जरा लांब

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी त्याला पायानं बाजूला सारून पुढे जातो. कुणी 'मला अमुक दिसलं' असं सांगायला लागलं की पहिला प्रश्न माझाच — किती घेतली होतीस? त्यामुळे आज इथे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहिणं भाग आहे. एका माणसाच्या नावाला माझ्यामुळे डाग लागलाय, आणि तो पुसायला तो माणूस आता नाही.

मी मंगेश. उरणच्या पूर्वेला आमचं गाव. दिवसा न्हावा शेव्याच्या एका यार्डात कंटेनर तपासायची नोकरी, आणि लग्नसराईत हळदीच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार. हळदीत बेस ऐकतं कोण, असं लोक विचारतात. बंद करून बघा म्हणावं… नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, आणि का ते त्यांनाही कळत नाही.

आमचा साउंडवाला जनार्दन, म्हणजे जान्या. पहिलीपासूनचा दोस्त. स्पीकर, माईक, जनरेटर, टेंपो सगळं त्याचं. वायरमन म्हणून हात असा की पंख्याचा रेग्युलेटर बदलायलाही लोक त्याचीच वाट बघायचे. दोन वर्षांपूर्वी चौलजवळ एका वाडीत हळदीची तयारी चालू असताना शॉक लागून तो गेला. दुपारी तीनला. लोक म्हणाले, स्वतःच्याच वायरिंगनं गेला. त्यानंतर त्याच्या साउंडला कुणी बोलवेना. सुनंदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, माणसं लावून धंदा चालू ठेवणार होती. "ज्याला स्वतःचा जीव राखता आला नाही त्याचं सामान आमच्या मांडवात नको," असं लोक तिच्या तोंडावर म्हणाले. मी तिथेच उभा होतो. मी गप्प बसलो. का, ते सांगतोच आता.

दोन वर्षं गिटारला हात लावला नाही. यंदा दुसऱ्या एका पार्टीनं फारच आग्रह केला म्हणून हो म्हणालो. जुना अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, जान्याच्याच शेडमध्ये पडून होता, तो मागायचं धाडस झालं नाही. त्यापेक्षा चार पेडल, म्हणजे पायाशी ठेवायची छोटी यंत्रं, घेतली — सूर दाखवणारा ट्यूनर, कंप्रेसर, ऑक्टेव्ह आणि प्री-अ‍ॅम्प — म्हणजे थेट मिक्सरला लावून वाजवता येतं. फळीवर पट्ट्यांनी बसवली आणि चारांना मिळून एकच अडॅप्टर लावला.

हम आली. हम म्हणजे तो घुंऽऽ आवाज, मोठ्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की येतो तसा.

मुंबईत एका दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, चिडका, पण जाणकार. म्हणाला, "एका नळाला चार पाइप लावलेत तुम्ही. एकात घाण आली की चारांत जाणार. आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या. प्रत्येक पेडलला वेगळी वाट." मग कुठलं पेडल किती मिलिअँप खातं, ते कागदावर लिहून काढलं. प्री-अ‍ॅम्प सगळ्यात खादाड निघाला. त्याला पुरेल असं आउटपुट असलेला, सहा वेगळ्या वाटांचा डबा निवडून दिला. दुकानातल्याच गिटारला लावून बघितला; माझी गिटार आणि बॅग घरीच होती. चिडीचूप. इतकं स्वच्छ की बोट तारेवर घासल्याचं ऐकू यावं.

घरी आणून लावला. घुंऽऽ.

मी चिडलो. घरातलं वायरिंग जुनं, म्हणून बायकोच्या माहेरी जाऊन लावला. घुंऽऽ. डबा बदलून आणला, त्याहून भारी घेतला, तोही तसाच. मग पॉवर बँकेवर चालणारा सप्लाय आणला — भिंतीतल्या विजेशी संबंधच नको. घुंऽऽ. दुकानदार फोनवर म्हणाला, "ट्यूनर काय दाखवतो?" मी बघितलं. तार वाजवलेली नसताना ट्यूनरवर जी हा सूर पेटलेला, जरा चढा. तो म्हणाला, "मग ही मेनची, म्हणजे भिंतीतली वीज आहे. पन्नास सायकल. ट्यूनर तिला चढा जीच म्हणतो." मी म्हटलं, मेन जोडलेलीच नाही. तो चिडलाच. मग म्हणाला, "तर मग येत नसणार," आणि फोन ठेवला.

येत नसणार म्हणे. मी काय कान भाड्यानं दिलेत…

एका शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत अख्ख्या गावाची लाईट गेली होती. मी गिटार तिच्या जुन्या बॅगेसकट उचलली, एकटा ट्यूनर घेतला, त्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घातली, आणि जुन्या मिठागराच्या बांधावर गेलो. तिथे आता मीठ पिकत नाही. खारं पाणी, चिखल, लांबवर बंदरातल्या क्रेनची टोकं. डोक्यावर एक तार नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला आणि ट्यूनर दाबला.

जी. जरा चढा.

खरं सांगतो, त्या उन्हात अंगावर काटा आला. बॅग तिथेच टाकून मी गिटार आणि ट्यूनर हातात घेऊन बांधानं पुढे चालत सुटलो. चाळीसएक पावलांवर ट्यूनर कोरा झाला. मागे आलो, बॅगेजवळ, परत जी. बॅग रिकामी केली. तारांची पाकिटं, फडकं, पाना. आणि एक पत्र्याची डबी.

ती डबी बघितली आणि मी चिखलातच बसलो. डबीत काय आहे ते मला ठाऊक होतं. तरी यार्डात काम करणारा माणूस मी, तीनदा तपासलं. डबी लांब नेऊन ठेवली, कोरा. जवळ आणली, जी. पुन्हा लांब, पुन्हा कोरा. तिन्ही वेळेला तेच.

डबीत पितळेची एक पिन होती. प्लगच्या वरच्या बाजूला असते ती जाड पिन. अर्थिंगची.

आता त्या दिवशीचं सांगतो. कुठल्याही मांडवात जान्या सामान लावण्याआधी लोखंडी रॉड जमिनीत ठोकायचा, त्यावर मिठाचं पाणी ओतायचा आणि जनरेटरची अर्थ त्याला बांधायचा. आम्ही त्याला चिडवायचो, पूजा झाली का रे तुझी. आणि प्लग — वायरमन त्याला टॉप म्हणतात — भरताना हिरवी वायर, म्हणजे अर्थची, बाकी दोन वायरींपेक्षा जरा लांब सोडायचा. बाकीचे वायरमन तिन्ही सारख्या कापतात. तो म्हणायचा, कुणी ओढलीच तर ती शेवटी सुटली पाहिजे, माणूस वाचला पाहिजे.

त्या दुपारी चौलला माझा अ‍ॅम्प घुमायला लागला. मी ओरडलो, "जान्या, हम येतेय." तो रॉड ठोकत होता. म्हणाला, "दहा मिन्टं थांब. अर्थ बांधतो, मंग न्हाय येनार." गायिका घाई करत होती, मलाही घाईच होती. दहा मिनिटं कोण थांबतं… मी पकड घेतली आणि प्लगची अर्थ पिन पिळून तोडली. हम गेली. माझी मलाच हुशारी वाटली. पिन खिशात टाकली आणि चहा प्यायला मांडवाबाहेर गेलो.

पुढचं सामान लावणाऱ्या पोरांकडून कळलं. जान्या रॉडला पाणी घालून आला. अनवाणी, हात ओले. माझी गिटार स्टँडवरून कलत होती. ती पडू नये म्हणून त्यानं तिला मानेला धरलं, तारांसकट. दुसरा हात मांडवाच्या लोखंडी पाइपावर. अ‍ॅम्पची बॉडी, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज, तारांमधून त्याच्या हातात आली. पिन असती तर ती वीज जमिनीत गेली असती.

पोलीस आले, जनरेटर बघितला, बोर्ड बघितला. माझ्या अ‍ॅम्पच्या प्लगकडे कुणी बघितलं नाही. मी कुणाला दाखवला नाही. पिन एका डबीत घालून गिटारच्या बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. संध्याकाळी पोरांनी सगळं सामान टेंपोत भरून जान्याच्या शेडमध्ये टाकलं आणि कुलूप लावून चावी वहिनीकडे दिली. झालं. स्वतःच्याच वायरिंगनं गेला, हे मी दोन वर्षं ऐकून घेतलं. लाज वाटायची. झोप लागायची नाही. पण तोंड उघडलं नाही.

मिठागरावरून तसाच चिखलाच्या पायांनी जान्याच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "भावजी, बसा. चा ठेवते."

मी म्हटलं, "चहा नको. आधी ऐकून घ्या." आणि डबी तिच्यासमोर उघडून सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पळून आलो असतो. वाटलं, आता ही बोंबील तोंडावर मारेल, शिव्या देईल. मारले असते तर बरं झालं असतं.

ती बोंबील निवडतच राहिली. मग म्हणाली, "मना ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"तुमी पिन तोरली ते. त्यानंच सांगला. त्या दिशी चार वाजता आयला व्हता घरी. टेंपोचा आवाज न्हाय आयला, म्हनून मना नवल वाटला. ड्रावर उघरला, नवा थ्रीपिन टॉप घेतला. मी इचारला, काय जाला? बोलला, मंग्यानं पिन तोरली, टॉप बदलाला पायजे."

चार वाजता मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. आत जान्या पांढऱ्या कापडाखाली होता. चौलहून आमच्या गावाला टेंपोनं दोन तास लागतात. वहिनीकडे निरोप पोचला तो सहाच्या पुढे, फोनवर सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

"वहिनी, मग तुम्ही दोन वर्षं बोलला का नाहीत? लोक त्याला नावं ठेवत होते…"

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच. "तोच बोलला व्हता. मंग्या सोताच येल सांगाला. तवर तू कोनाला बोलू नको. मंग मी वाट बगत ऱ्हायले."

शेडची चावी तिनंच आणली. दोन वर्षांत ते कुलूप उघडलेलं नव्हतं, तेल घालावं लागलं. ताडपत्रीखाली माझा अ‍ॅम्प होता. मी वायर हातानं चाचपत टोकापर्यंत गेलो.

टॉप नवा होता. तिन्ही पिना होत्या.

जान्याचाच स्क्रूड्रायव्हर भिंतीला अडकवलेला होता. टॉप वहिनीनं धरला आणि मी स्क्रू काढले. आत लाल आणि काळी वायर आखूड, नीट कापलेल्या. हिरवी जरा लांब.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी बदलला असेल. कुणी? पिन तोडल्याचं माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. वहिनीनं आयुष्यात टेस्टर हातात धरलेला नाही. सामान भरणारी पोरं? त्यांना विचारलं. रडत रडत टेंपो भरणाऱ्या पोरांनी टॉप कशाला बदलला असता. मी स्वतः हजार शंका काढल्या, एकही टिकली नाही. पिनेमुळे ट्यूनर का पेटायचा, त्याचंही उत्तर दुकानदाराकडे नाही, माझ्याकडेही नाही.

गावकीच्या बैठकीत उभं राहून मी सगळं सांगितलं. पोलिसांकडेही लिहून दिलंय, व्हायचं ते होईल. काही जण माझ्याशी बोलत नाहीत, ते बरोबरच आहे. इथे लिहितोय ते एवढ्यासाठी की चौलच्या त्या वाडीतलं कुणी हे वाचत असेल तर त्यालाही कळावं — जान्याचं वायरिंग चुकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आमच्याच आळीत हळद होती. साउंड जान्याचा होता, दोन वर्षांनी पहिल्यांदा. रॉड मी ठोकला, मिठाचं पाणी मी ओतलं. मग दहा मिनिटं काहीही न करता तिथे उभा राहिलो. सगळे बघत होते, कुणी चिडवलं नाही. मला दहा मिनिटं थांबवलं नव्हतं, आणि तो माझ्यासाठी दोन वर्षं थांबला.

नंतर पेडलबोर्ड लावला, सप्लाय चालू केला, आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. ट्यूनर कोरा. ज्या स्वच्छ आवाजासाठी मी एवढी वणवण केली होती, तो शेवटी मिळाला. पिन अजून डबीत आहे, डबी बॅगेत आहे. हल्ली घरी कुणी नसलं की मी बोर्ड लावतो, व्हॉल्यूम शून्य करतो आणि ट्यूनरकडे बघत बसतो.